धडा वर्गात, प्रश्न घरात



शाळेच्या पुस्तकात जातीचा, अस्पृश्यतेचा, विषमतेचा धडा असावा की नसावा, यावर गेली कित्येक वर्षे मोठी माणसे वाद घालीत आहेत. दिल्लीत समित्या बसतात, धडे येतात, धडे जातात, वर्तमानपत्रांत लेख छापून येतात. पण ज्यांच्या लेकरांना तो धडा घेऊन घरी यावे लागते, त्या आपल्या वस्तीतल्या आईबापांना मात्र कोणी विचारीत नाही. म्हणून आज आम्ही या वादाची सुरुवात दिल्लीपासून न करता कुर्ल्याच्या एका दहा बाय बाराच्या खोलीपासून करणार आहोत.

गोष्ट २०१७ च्या पावसाळ्यातली. वर्षावासाच्या ग्रंथवाचनासाठी आम्ही त्या वस्तीत जात असू. विहाराला लागूनच हे घर. वडील रिक्षा चालवतात, आई एका कारखान्यात पॅकिंगच्या कामाला, घरात म्हातारी आजी आणि सहावीत शिकणारी एकुलती मुलगी. शिक्षण हक्क कायद्याच्या पंचवीस टक्के राखीव जागांतून या मुलीला २०१२ साली एका मोठ्या इंग्रजी शाळेत पहिलीला प्रवेश मिळाला होता. साऱ्या चाळीला त्याचे कौतुक. पोरगी इस्त्रीचा गणवेश घालून निघाली की बायका दारातून बघत उभ्या राहत.

त्या दिवशी वाचन आटोपून आम्ही चहाला बसलो, तर मुलगी कोपऱ्यात तोंड फिरवून बसलेली. आईने विचारले तेव्हा एवढेच म्हणाली, "आई, त्या तासाला मी उद्यापासून नाही बसणार."

कारण हळूहळू बाहेर आले. दिल्लीच्या एनसीईआरटीच्या सहावीच्या पुस्तकात तेव्हा विविधता आणि भेदभाव यांवर एक धडा होता. त्यात बाबासाहेबांच्या लहानपणीचा प्रवास होता. आपल्यापैकी बहुतेकांना तो ठाऊक आहे. १९०१ साल. नऊ वर्षांचे भीमराव, त्यांचे थोरले बंधू आणि मोठ्या बहिणीची दोन मुले नवे कपडे घालून साताऱ्याहून वडिलांना भेटायला निघाली. मसूर स्टेशनावर उतरली. घ्यायला कोणी आले नव्हते, कारण मुलांचे पत्र वडिलांपर्यंत पोचलेच नव्हते. मुले महारांची आहेत असे कळताच प्रेमाने विचारपूस करणारा स्टेशन मास्तर मागे सरला. गाडीवाले तयार होईनात. शेवटी दुप्पट भाड्यावर एक तयार झाला, तोही या अटीवर की गाडी मुलांनीच हाकायची आणि तो पायी चालणार. जवळ भाकरी होती, पण पाणी कोणी देईना, म्हणून भाकरीही घशाखाली उतरेना. ती रात्र त्या लेकरांनी उपाशीच काढली.

बाईंनी हा धडा शिकवला आणि वर्गातली सगळी तोंडे आपल्या मुलीकडे वळली. कारण फी न भरणाऱ्यांची यादी त्या वर्गात मोठ्याने वाचली जात असे, आणि त्या यादीत तिचे नाव पहिले. शेजारच्या बाकावरच्या मुलाने विचारले, "तुला पण असं कोणी पाणी देत नाही का?" त्या पोराच्या मनात काही वाईट नव्हते. म्हणूनच तर त्याला काय उत्तर द्यावे, ते हिला सुचेना.

वडील ऐकत होते. ते म्हणाले, "म्हणून म्हणतो, हे धडेच नकोत पुस्तकात. आपण पोटाला चिमटा काढून पोरगी त्या शाळेत घातली. तिथं तिनं चारचौघांसारखं शिकावं. झालं गेलं ते कशाला उगाळायचं?"

वाचकहो, या वडिलांना आम्ही नावे ठेवणार नाही. आपल्यातल्या किती घरांत हीच भीती आहे, ते आम्ही जाणतो. आडनाव बदलून घेतलेली घरे आहेत. कोणी आले की बाबासाहेबांचा फोटो आतल्या खोलीत हलवणारी घरे आहेत. मुलगा दहावी होईपर्यंत त्याला काही कळू द्यायचे नाही, असे ठरवलेले आईबाप आहेत. लेकराला चटका बसू नये, हीच त्यांची धडपड. धडा नको म्हणणारा हा बाप आणि धडा काढून टाकणारा दिल्लीचा अधिकारी यांना एकाच तराजूत तोलता येणार नाही.

पण त्या संध्याकाळी उत्तर आजीने दिले. आजी कराड तालुक्यातली. ती म्हणाली, "आरं, मसूर म्हंजी आमच्या शेजारचं गाव. म्या दोन इयत्ता शिकले ती दारापाशी गोणपाटावर बसून. मास्तर माझी पाटी हातात घेत नव्हता, भुईवर ठेवायला लावायचा न् लांबनंच बघायचा. ह्याच्यात लाज कुणी धरायची? ज्यानं पाटी घेतली न्हाय त्यानं, का म्या? मग पोरीनं कशापायी मान खाली घालायची?"

घरात कोणी काही बोलले नाही. आमच्या मते या साऱ्या वादाचे मूळ आजीच्या त्या प्रश्नातच आहे. धडा असावा की नसावा, हा प्रश्न दुसरा. पहिला प्रश्न असा की, धडा शिकवताना लाज कोणाच्या बाकावर नेऊन ठेवली जाते?

आता जे धडा नको म्हणतात त्यांची कारणे एकेक करून पाहू.

पहिले कारण सांगतात ते कोवळ्या वयाचे. लहान मुलांना हे कशाला सांगायचे, त्यांचे मन निर्मळ असते, असे म्हणतात. ऐकायला गोड वाटते. पण मसूरच्या स्टेशनावर उभे असलेले भीमराव नऊ वर्षांचे होते. जे सोसताना नऊ वर्षांचे वय कोवळे ठरले नाही, ते नुसते वाचायला अकरा वर्षांचे वय कोवळे कसे ठरते? आणि मुलांना कळत नाही म्हणावे तर मुक्ता साळवेकडे पाहा. जोतीराव आणि सावित्रीबाईंच्या शाळेत शिकणारी ही मांग समाजाची मुलगी. चौदा वर्षांची असताना तिने मांग-महारांच्या दुःखावर निबंध लिहिला आणि १८५५ साली 'ज्ञानोदया'ने तो छापला. हा विषय शाळेत नवा नाही. पुण्यात शाळा निघाली आणि काही वर्षांतच पोरीने तो कागदावर उतरवला.

दुसरे कारण असे की, यामुळे इतर मुलांना अपराधी वाटते, वर्गातली मैत्री बिघडते. या युक्तिवादाचे वय फार जुने आहे. १८५६ साली धारवाडच्या सरकारी शाळेत एका महार मुलाने प्रवेश मागितला. तो नाकारला गेला. मुलाने मुंबई सरकारकडे दाद मागितली. सरकारने काय म्हटले? न्याय या मुलाच्या बाजूने आहे, हे मान्य केले. परंतु एका मुलाला घेतले तर बाकीचे शाळा सोडतील, म्हणून काही करता येत नाही, असे सांगितले. न्याय तुमचा, पण त्रास इतरांना नको! तेव्हा मुलालाच वर्गाबाहेर ठेवले. आता मूल वर्गात आले आहे, तर त्याची हकीकत बाहेर ठेवण्याची भाषा चालू आहे.

हे आपल्याच देशात चालते असे समजू नका. अमेरिकेतल्या काळ्या बांधवांचा आणि आपला सांधा जुना आहे. बाबासाहेबांनी १९४६ साली त्यांचे विचारवंत डॉ. ड्यू बॉइस यांना पत्र लिहिले होते, आणि १९७२ साली मुंबईत उभ्या राहिलेल्या दलित पँथरने नावच तिथल्या ब्लॅक पँथरवरून घेतले. त्या देशात न्यू ऑर्लिन्स शहरात १४ नोव्हेंबर १९६० रोजी रुबी ब्रिजेस नावाची सहा वर्षांची काळी मुलगी गोऱ्यांच्या शाळेत गेली. बाहेर जमाव शिव्या देत होता, म्हणून सरकारी पहाऱ्यात गेली. गोऱ्या पालकांनी आपली मुले काढून घेतली. वर्षभर एकच शिक्षिका, बार्बरा हेन्री, रिकाम्या वर्गात या एकट्या मुलीला शिकवत राहिली. पुढे रुबीबाईंनी मोठेपणी मुलांसाठी ही हकीकत स्वतःच लिहिली. तर २०२१ साली टेनेसी राज्यातल्या काही पालकांनी त्या पुस्तकावर तक्रार केली. जमावाचे चित्रण लहान मुलांना त्रासदायक आहे म्हणे! रुबीने जो जमाव सहाव्या वर्षी डोळ्यांनी पाहिला, तो यांच्या मुलांनी पुस्तकातही पाहू नये. फ्लॉरिडा राज्याने तर २०२२ साली कायदाच केला की, पूर्वीच्या लोकांनी केलेल्या कृत्यांबद्दल आजच्या मुलाला त्याच्या वंशामुळे अपराधी वाटावे असे शिकवू नये.

यावर आमचे म्हणणे स्पष्ट आहे. कोणत्याही मुलाला अपराधी ठरवू नये, हे आम्हांसही मान्य आहे. बारा वर्षांच्या पोराने पाणवठा बंद केला नव्हता. परंतु अपराधी न ठरवणे वेगळे आणि काही घडलेच नाही असे भासवणे वेगळे. आपल्या पूर्वजांचे चुकले होते, हे ज्याला लहानपणी सांगितले जाते, ते मूल मोठेपणी ती चूक करताना थबकेल. ज्याला कधीच सांगितले नाही, ते भाड्याने खोली देताना आडनाव विचारील आणि आपण काही वावगे केले असे त्याला वाटणारही नाही.

तिसरे कारण दप्तराच्या ओझ्याचे. ते खरेही आहे आणि सोयीचेही आहे. २०१९ साली एनसीईआरटीच्या नववीच्या इतिहासातून तीन धडे गेले. त्यांतला एक कपड्यांच्या इतिहासाचा होता. त्रावणकोरमध्ये नाडार स्त्रियांना अंग झाकण्याच्या हक्कासाठी कसे झगडावे लागले, ते त्यात होते. २०२२ साली, कोरोनाच्या काळातल्या नुकसानीचे कारण सांगून, आणखी धडे कमी झाले. सातवीच्या पुस्तकातला समतेच्या लढ्यांचा धडा गेला. बारावीच्या राज्यशास्त्रातला जनआंदोलनांचा धडा गेला, आणि त्याबरोबर दलित पँथरची माहितीही गेली. न्यायाने सांगायचे तर विज्ञानाचे, इतिहासाचेही इतर धडे गेले; एकट्या आपल्याच विषयावर कात्री चालली असे आम्ही म्हणणार नाही. पण ओझे कमी करताना समतेचा लढा हा जड सामानात धरला जातो, हे विसरता येत नाही. २०२४ साली सहावीचे समाजशास्त्राचे पुस्तकच नवे आले, आणि ज्या धड्यावरून कुर्ल्याच्या त्या घरात रडारड झाली, तो जुना धडा आता तिथे राहिला नाही.

कोणी म्हणेल, आमची मुले महापालिकेच्या नाहीतर जिल्हा परिषदेच्या शाळेत, बालभारतीची पुस्तके वाचणारी. दिल्लीच्या पुस्तकाशी आम्हाला काय करायचे? बंधूंनो, महाराष्ट्र सरकारने २०२५ साली राज्य मंडळाच्या शाळांतही सीबीएसईच्या धर्तीचा अभ्यासक्रम टप्प्याटप्प्याने आणण्याचे जाहीर केले आहे. आज दिल्लीत जे पान गळेल, त्याचा प्रश्न उद्या आपल्या पोराच्या दप्तरात येऊ शकतो. तेव्हा जागे राहिलेले बरे.

आता आपल्याही घरातली एक आठवण काढली पाहिजे, नाहीतर हा लेख एकतर्फी होईल. २०१२ च्या मे महिन्यात अकरावीच्या पुस्तकातल्या एका व्यंगचित्रावरून संसदेत गोंधळ झाला. चित्र शंकर यांचे, १९४९ सालचे. संविधानाच्या गोगलगायीवर बाबासाहेब बसलेले आणि मागे पंडित नेहरू चाबूक घेऊन उभे. आपल्या समाजाला ते चित्र बोचले. सरकारने माफी मागून ते काढले. पुस्तकाचे सल्लागार सुहास पळशीकर आणि योगेंद्र यादव यांनी राजीनामे दिले. पळशीकरांच्या पुण्यातल्या कार्यालयाची मोडतोड झाली. ती मोडतोड आम्हांस पटली नाही. पुस्तक लिहिणारे आपले वैरी नव्हते. त्याच पुस्तकांच्या मालिकेतून बाबासाहेबांचा तो प्रवास देशभरच्या मुलांपर्यंत गेला होता. पण समाजाला जे बोचले, तेही खोटे नव्हते. चाळीस मुलांच्या वर्गात आपली एक मुलगी बसली आहे आणि समोर बाबासाहेबांच्या मागे चाबूक घेतलेले चित्र आहे. एकोणचाळीस जण हसले तर तिने काय करायचे, हा विचार ते पान लावणाऱ्यांनी केला होता का? आम्ही त्यातून एवढेच शिकलो की, पान फाडल्याने प्रश्न सुटत नाही, आणि नुसते पान छापल्यानेही सुटत नाही. त्या पानाभोवती शिक्षक काय बोलतो, त्यावर सारे अवलंबून आहे.

आता कुर्ल्याच्या घरी परत जाऊ. दुसऱ्या आठवड्यात आईने कारखान्यातून अर्ध्या दिवसाची सुट्टी घेतली आणि ती शाळेत गेली. ही बाई सातवी शिकलेली. त्या मोठ्या शाळेच्या पायऱ्या चढताना पाय कापत होते, असे तिने आम्हांला नंतर सांगितले. शिकवणाऱ्या बाई तरुण होत्या. त्या म्हणाल्या, "अहो, मी तर सहानुभूतीनंच शिकवलं. पूर्वी बिचाऱ्यांवर किती अन्याय व्हायचा, असंच सांगितलं." त्यावर आई म्हणाली, "बाई, बिचारे म्हणू नका. तो पाण्यावाचून राहिलेला मुलगा पुढं काय झाला, ते पण त्याच तासाला सांगा. आणि फीच्या यादीची नावं वर्गात वाचू नका. एवढंच मागते."

त्या बाई भल्या निघाल्या. पुढच्या तासाला त्यांनी महाड सांगितले. १९ आणि २० मार्च १९२७ ची परिषद, आणि दुसऱ्या दिवशी मिरवणुकीने जाऊन चवदार तळ्याचे पाणी प्यालेले हजारो लोक. तहानलेला तो मुलगा पुढे साऱ्यांना तळ्यावर घेऊन गेला, आणि त्यानंतर देशाचे संविधान लिहिणाऱ्या समितीचा अध्यक्ष झाला. त्या संविधानाच्या सतराव्या कलमाने अस्पृश्यता संपवली, हेही सांगितले. मग वर्गातल्या सगळ्या मुलांना त्यांनी एकच घरचा अभ्यास दिला. आपल्या आजीआजोबांना विचारून या, तुमच्या गावात पाणी कुठून भरत, आणि त्या पाणवठ्यावर कोणाला येऊ देत नसत?

वाचकहो, या एका प्रश्नाने वर्ग पालटला. आता तो धडा आपल्या एकट्या मुलीचा राहिला नाही. प्रत्येक पोराला घरी जाऊन विचारावे लागले. आपल्या मुलीने आजीला विचारून दोन पाने भरून नेली. आणि ज्या मुलाने तिला पाण्याचे विचारले होते, तो उभा राहून म्हणाला, "विहीर आमचीच होती. आजोबा म्हणाले, बाकीच्यांना लांबून ओतायचे." एवढे बोलून तो गप्प बसला. त्याला कोणी काही बोलले नाही, आपली मुलगीही बोलली नाही. मधल्या सुट्टीत दोघांनी डबा नेहमीप्रमाणे खाल्ला.

गोष्ट इथे संपली असती तर किती बरे झाले असते! पण आठवड्याभरात काही पालकांनी मुख्याध्यापकांकडे तक्रार केली की, आमच्या घरच्या गोष्टी मुलांना विचारायला लावतात. मुख्याध्यापकांनी बाईंना धडा आटोपून पुढे जायला सांगितले. बाईंनी तसे केले. त्यांचीही नोकरी होती. फीची यादी वर्गात वाचणे मात्र त्या वर्षापासून थांबले.

असा हा अर्धा विजय. पण एका सातवी शिकलेल्या आईने अर्ध्या दिवसाच्या मजुरीवर पाणी सोडून तो मिळवला. म्हणून आम्ही आपल्या सर्व घरांना चार गोष्टी सुचवतो.

पहिली गोष्ट, मुलाला शाळेने सांगण्याआधी आपण सांगा. वर्गात प्रथमच ऐकले तर घाव बसतो. घरी आजीच्या मांडीवर ऐकले असेल तर तेच मूल वर्गात ताठ मानेने बसते. नुसते सोसलेले सांगू नका. आपली माणसे काय करून उठली तेही सांगा. कोण रात्रशाळेत शिकले, कोणी मेलेली ढोरे ओढणे सोडले, कोण १९५६ साली नागपूरला गेले, ते नावानिशी सांगा.

दुसरी गोष्ट, पालकसभेला जा. रिक्षा, बिगारी, धुणीभांडी यांतून वेळ काढणे सोपे नाही, हे आम्ही जाणतो. पण सरकारी आणि अनुदानित शाळांत शिक्षण हक्क कायद्याप्रमाणे शाळा व्यवस्थापन समिती असते. तिच्यात तीन चतुर्थांश सभासद पालक असावे लागतात, निम्म्या स्त्रिया असाव्या लागतात, आणि वंचित घटकांतल्या पालकांना प्रमाणात जागा द्याव्या लागतात. त्या जागा रिकाम्या सोडू नका. तुम्ही बसला नाहीत तर तिथे तुमच्या वतीने दुसरेच कोणी बोलतील.

तिसरी गोष्ट, शिक्षकाशी भांडणाच्या सुराने सुरुवात करू नका. बहुतेक शिक्षकांना कसे शिकवावे हे कोणी सांगितलेलेच नसते. त्यांना तीन विनंत्या करा. आमच्या मुलाला वर्गात उभे करू नका. शिष्यवृत्तीची, फीची, जातीच्या दाखल्याची नावे मोठ्याने वाचू नका. आणि अन्यायाचा धडा घेताना प्रतिकाराचा धडाही घ्या. त्यातूनही कोणी मुलाला टोचून बोलत असेल, तर कायद्याच्या सतराव्या कलमाने विद्यार्थ्याच्या मानसिक छळाला बंदी आहे, हे लक्षात ठेवा. त्याच कायद्याचे एकोणतिसावे कलम सांगते की, अभ्यासक्रम संविधानातील मूल्यांना धरून असला पाहिजे. समतेचा धडा मागणे ही आपण मागितलेली सवलत नव्हे.

चौथी गोष्ट, ७ नोव्हेंबर हा दिवस सोडू नका. १९०० साली याच दिवशी बाबासाहेबांचे नाव साताऱ्याच्या शाळेत दाखल झाले. २०१७ पासून महाराष्ट्रात तो विद्यार्थी दिवस म्हणून साजरा होतो. शाळेला आठवण करून द्या. त्या दिवशी भाषण करायला आपल्याच मुलाला उभे करू नका. दुसऱ्या समाजाच्या मुलाने ती गोष्ट वाचून सांगावी, अशी विनंती करा. आपल्या मुलांना ती ठाऊकच आहे. ती इतरांच्या तोंडून वर्गात ऐकू आली, तर आपल्या बाकावरचे ओझे थोडे उतरेल.

ती आजी आता नाही. कोरोनाच्या दुसऱ्या लाटेत, २०२१ साली ती गेली. मुलगी परिचारिकेचे शिक्षण घेते आहे. मधे तिच्या आईने घर आवरताना जुनी पुस्तके रद्दीला काढली, तेव्हा सहावीचे ते पुस्तक मुलीने गठ्ठ्यातून ओढून काढले. धड्याच्या पानाला आजीच्या हातच्या हळदीचा डाग आहे. आजीला इंग्रजी येत नव्हते, पण मसूर कुठे लिहिले आहे ते ती नातीकडून बोटाने दाखवून घेत असे.

ते पुस्तक आता विहाराच्या कपाटात आहे. दर रविवारी सकाळी वंदना झाली की ही मुलगी वस्तीतल्या सहावी-सातवीच्या पोरांना घेऊन बसते आणि तो धडा मराठीत सांगते. मागच्या वेळी आम्ही गेलो होतो, तेव्हा एका पोराने मधेच विचारले, "ताई, हे आमच्या पुस्तकात का नाही?"

तिने आमच्याकडे पाहिले. मग त्या पोरालाच म्हणाली, "तू तुझ्या बाईंना विचार. पण विचारताना उभा राहून विचार."

आपल्या घरी असे जुने पुस्तक असेल तर ते रद्दीत देऊ नका. विहाराच्या कपाटात आणून ठेवा.

जयभीम.